गाय कोणाच्या नावावर

आमच्या गावच्या पुरुषांइतके लाजाळू पुरुष मोहाडी तालुक्यात दुसरीकडे नसावेत. हे आम्हांला १९७९ सालापर्यंत माहीत नव्हतं, कारण तोवर गुरांच्या दवाखान्यात पुरुष डॉक्टर होते. त्या जूनमध्ये डॉ. चंद्रकला रहांगडाले बदलून आल्या. गोंदियाकडच्या, नागपूरला शिकलेल्या, आणि उधळलेला बैलही दोन पावलं मागं सरेल अशा आवाजाच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सेवकरामची अडलेली म्हैस सोडवली. कोपराच्या वर हात घालून रेडकू जिवंत बाहेर काढलं. गावानं तोंडात बोटं घातली. तिथवर सगळं ठीक होतं.

घोटाळा झाला तो सरपंच केवळराम आपली गाय घेऊन गेले तेव्हा.

"काय झालं गाईला?" बाईंनी विचारलं.

"काही नाही जी."

"चारा खात नाही?"

"खाते ना. बम खाते."

"मग आणली कशाला?"

"थे... तिचं आता वय झालं."

"म्हातारी तर दिसत नाही."

"म्हातारपनाचं नाही जी. लगनाचं... पुन्हा."

"माजावर आलीय, असं सांगा की सरळ! कधीपासून? सकाळपासून, की कालपासून?"

केवळरामांनी वीस वर्षं शंकरपटात बैल हाकले होते आणि हरल्यावर पंचांना जे शब्द ऐकवले होते ते इथं लिहिता येणार नाहीत. पण परक्या बाईच्या तोंडून हा एक शब्द ऐकून ते कानापर्यंत लाल झाले आणि गाय तशीच घेऊन घरी आले.

"आवं, तू जाय," ते बायकोला म्हणाले. "बाया-बायाईचं काम आहे."

बेबीबाई गेल्या आणि अर्ध्या तासात गाईचं कृत्रिम रेतन उरकून परतल्या. "एवढ्यासाठी वापस आले होय तुमी?" एवढंच म्हणाल्या.

पाहता पाहता गावात रीतच पडली. पुरुष गाय दवाखान्यासमोरच्या चिंचेच्या झाडापर्यंत आणी, तिथं दावं बायकोच्या हातात देई, आणि स्वतः सडकेकडे तोंड करून एस.टी.ची वाट पाहिल्यासारखा उभा राही. आमच्या गावाला एस.टी. दिवसातून दोनदा येई, पण त्या वर्षी चिंचेखाली गर्दी सकाळभर असे.

आत मात्र निराळाच वर्ग भरे. गाय माजावर येऊन सकाळी हंबरली तर संध्याकाळी आणायची आणि संध्याकाळी हंबरली तर दुसऱ्या सकाळी, हे बाईंनी सगळ्यांकडून घोकून घेतलं. सड कसं तपासायचं, व्याल्यावर वार पडली नाही तर कधी धावत यायचं, व्यायला आलेल्या म्हशीजवळ कोणी बडबड करायची नाही, हेही. त्यांतली शकुनबाई तर शेजारणीच्या गाईकडे लांबून पाहून सांगू लागली, "आज नाही, उद्या नेजो."

पावसाळा सरला, धान कापून झाला, आणि पुरुषांना रिकामपण आलं. केवळराम पाचसहा जणांना घेऊन माझ्याकडे आले. मी शाळामास्तर, त्यामुळे गावचे अर्ज माझ्याच हातचे.

"मास्तर, अर्ज लिवा. आमाले पुरुष डाक्टर पायजे."

"कारण काय लिहू?"

"अडचन आहे म्हना."

"कोणती?"

"थेच तं सांगता येत नाही ना, बापा!"

मी लिहिलं, 'आमची अडचण अशी की, ती सांगण्यास अडचण आहे.' खाली सत्तावन्न सह्या झाल्या. शासनाकडे इतका प्रामाणिक अर्ज त्या वर्षी दुसरा गेला नसावा.

आठवड्यानं बाई मला सडकेवर भेटल्या.

"अक्षर छान आहे तुमचं, मास्तर."

मी चष्मा पुसू लागलो.

"दोन गावांहून असेच अर्ज झालेत माझ्यावर," त्या म्हणाल्या. "हा तिसरा. आता हलवलं ना, तर पुन्हा गाव मिळणार नाही. भंडाऱ्याला टेबल देतील. खुर्ची, पंखा, फायली. बसा म्हणतील आरामात. मी गुरांसाठी शिकले हो, पंख्यासाठी नाही."

आवाज नेहमीचाच होता. पण बोलताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

फेब्रुवारीत भंडाऱ्याहून मोठे साहेब चौकशीला आले. दवाखान्याच्या अंगणात सतरंजीवर पुरुष बसले, मागं कुंपणाला टेकून बाया उभ्या. बाई एका बाजूला, हात बांधून. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, बहुधा अर्थ दुसऱ्या वाचनात सापडेल म्हणून.

"अडचण काय आहे?"

सतरंजीनं एकमेकांकडे पाहिलं. जागेश्वर खोकला. केवळराम म्हणाले, "लिवली आहे ना जी त्याच्यात."

साहेबांनी मग दवाखान्याचं रजिस्टर मागवलं. रजिस्टर लिहायचं काम परिचर सोमाजीचं. सोमाजीची नोकरी पंचवीस वर्षांची होती आणि तेवढ्या काळात त्यानं एकच नियम पाळला होता, जो जनावर आणील तोच मालक. साहेब पानं उलटत राहिले. उलटताना त्यांचा चेहरा हळूहळू तहसीलदारासारखा झाला.

"आठ महिन्यांत तीनशे बारा जनावरं. एका डॉक्टरच्या मानानं काम चांगलं आहे." मग त्यांनी मालकाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "बेबीबाई. शकुनबाई. आनंदाबाई. रत्नाबाई. पुन्हा बेबीबाई. जून संपला की पुढं पुरुषाचं नावच नाही. आणि अर्जावर सत्तावन्न पुरुष. जूननंतर तुमच्यापैकी कोणाच्याही नावावर एक शेळीसुद्धा नाही. मग गुरांच्या डॉक्टरची अडचण तुम्हांला कशी झाली?"

"गाय माही हाये साहेब!" केवळराम उठून उभे राहिले.

"असेल. कितव्या वेताची?"

केवळरामांनी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीसुद्धा आभाळाकडे पाहिलं.

"बरं, व्यायची कधी?"

कुंपणाकडून आवाज आला. "तिसऱ्या वेताची. आठवा महिना चालू हाये. मांगचं डावं सड जड हाये, पन बाईनं सांगतलं तशी शेकून राहिली मी." बेबीबाईंनी पदर पुढं ओढला, आणि जरा थांबून पुन्हा मागं सारला. "आनि साहेब, बाईले हलवाचं असन तं आमाले इचारा. अर्जावर आमची सही नाही."

"नाहीच!" शकुनबाई म्हणाली. त्यानंतर सगळ्याच बोलू लागल्या आणि साहेबांना पाच मिनिटं काही करता आलं नाही.

शेवटी त्यांनी अर्जावर शेरा मारला. 'अर्जदार पशुपालक नसल्याचे आढळल्याने अर्ज निकाली. डॉ. रहांगडाले येथेच राहतील.' तो त्यांनी मोठ्यानं वाचूनही दाखवला. बाईंनी बांधलेले हात सोडले. एवढंच.

"आता मी आलोच आहे, तर," साहेब म्हणाले, "गावात दूध संस्था काढायची आहे. ज्यांच्या नावावर जनावर, ते सभासद. म्हणजे रजिस्टरप्रमाणे..." त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. "अध्यक्ष कोण होणार?"

"अध्यक्षाले काय करा लागते जी?" बेबीबाईंनी विचारलं.

"वेळेवर कामाला लावायचं सगळ्यांना. कोणी दुधात पाणी घातलं तर खडसवायचं. भांडणं मिटवायची."

"एवढंच? थे तं मी सतरा वर्सांपासून करून राहिली."

केवळराम खाली बसले. त्यांच्या बाजूनं हरकत आली नाही, हे सोमाजीनं लगेच लिहून घेतलं.

जीप गेली. बायांनी डॉक्टरीणबाईंना गराडा घातला. बाईंचे डोळे ओले झाले होते, पण आवाज पुन्हा बैल थांबवणारा होता.

"उद्या सकाळी सात वाजता सगळ्यांनी वासरं घेऊन यायचं. फऱ्या रोगाची लस आहे. उशीर चालणार नाही."

सतरंजीवर पुरुष अजून बसले होते. कुठं जावं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"आमी येवाचं का जी?" केवळरामांनी विचारलं.

"या की," बाई म्हणाल्या. "वासरं धरायला माणसं लागतातच."