मालागाचा पारा

मालागात बसलेल्या माणसाला आमचं ऊन कळत नाही, हे मी त्या लेआंद्रो साहेबाला फोनवर सांगितलंय. दोनदा सभ्य भाषेत आणि तिसऱ्यांदा जसं तोंडात आलं तसं.

आमचं वाल्देसेका आणि मालागा यांच्यात गाडीने तासाभराचं अंतर आहे. मध्ये डोंगराची एक रांग, बास. पण त्या रांगेपलीकडे दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, माणसं फिरायला बाहेर पडतात आणि एकतीस अंश झाले की "काय मेलं हे ऊन" म्हणत आइस्क्रीम खातात. अलीकडे आम्ही. तो वारा डोंगर चढून आमच्यापर्यंत पोचतच नाही, आणि पोचला तरी त्यात गारवा म्हणून काही उरलेला नसतो. जूनच्या अखेरीस आमच्याकडे चव्वेचाळीस होतात. सकाळी नऊलाच घराघरांच्या झडपा खाली येतात. ज्यांना घरात बसता येतं ते बसतात. आम्ही लसूण कापतो.

मी फुएनसान्ता, एकोणीस जणांच्या टोळीची मुकादम. उपटून शेतातच वाळत घातलेल्या लसणाची मुळं आणि पात कात्रीने छाटायची आणि गड्डे क्रेटमध्ये टाकायचे, हे आमचं काम. सावली नाही, कारण लसणाच्या शेतात झाड कोण ठेवतो? माझ्याआधी वडील मुकादम होते. ते दर अर्ध्या तासाने खाली वाकून तळहात मातीवर टेकवायचे आणि मनात मोजायचे. दहा मोजेपर्यंत हात ठेववला नाही की उठून ओरडायचे, "सावली!" की झालं. त्या क्षणी सगळ्यांच्या कात्र्या खाली. त्यांनी कधी मालकाला विचारलं नाही आणि मालकानेही त्यांना कधी जाब विचारला नाही. आणि मुकादमाने हाक दिल्याशिवाय टोळीतलं कुणी जागचं उठायचं नाही, मग जीव जाईना का. अशी आमच्याकडची मिजास.

गेल्या वर्षी जमीन नव्या मालकांकडे गेली. त्यांचं कार्यालय मालागात, अगदी समुद्राला लागून. तिथून उंटावरून शेळ्या हाकायला त्यांनी लेआंद्रो साहेबाला नेमलं. तो कागद घेऊन आला. कागदात लिहिलं होतं, तापमान अडतीसवर गेलं की काम बंद. आणि मुकादमाने आपल्या मनाने काम थांबवलं, तर दुसऱ्या दिवशी टोळीला बोलावणार नाहीत. आम्ही खूश! अडतीस तर आमच्याकडे साडेअकरालाच होतात. मी टोळीच्या वतीने सही ठोकली.

कुठलं तापमान, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या गावात तापमान म्हणजे चौकातल्या फार्मसीच्या हिरव्या क्रॉसच्या दिव्यांच्या पाटीवर जो आकडा पळतो तो. लग्नाची वेळ, मयताची वेळ, सगळं गाव त्या आकड्यावर ठरवतं. दुसरा कुठला पारा जगात असेल असं आम्हाला वाटलंच नाही. इतके आम्ही शहाणे.

त्या सोमवारी बारा वाजता फार्मसीतून पाटीचा फोटो फोनवर आला. चव्वेचाळीस. मी साहेबाला फोन लावला.

"साहेब, इथे चव्वेचाळीस आहे. टोळी थांबवते."

"कोण म्हणतं चव्वेचाळीस?"

"फार्मसीची पाटी."

तो हसला. खरोखर हसला. "अहो बाई, ती पाटी भर उन्हात पत्र्यावर टांगलेली आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिच्यावर बावन्न होते ना? तुम्हीच सगळे तिच्याखाली उभे राहून फोटो काढत होतात. बातम्यांत दाखवलं होतं."

दाखवलं होतं. त्या फोटोत मी होते आणि शेजारी हातात तळणीत अंडं घेऊन माझी बहीण ओबदुलिया होती. आम्हाला आमच्या उन्हाची फुशारकी भारी. प्रत्येक आकड्याला चार अंश आम्हीच जोडायचो आणि दारूच्या दुकानात सांगत सुटायचो.

"आज तसं नाही साहेब. आज खरंच आहे."

"इथे विमानतळाचा अधिकृत पारा बत्तीस सांगतोय. छान वारा आहे. कागदात कार्यालयाजवळचा पारा धरलाय, मागच्या पानावर बघा. दोनपर्यंत चालू द्या."

मागचं पान! तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवला तेव्हा ओबदुलियाने विचारलं, "काय म्हणतो गं तो मासळीखाऊ?"

"बत्तीस म्हणतो."

"अरे वा! मग स्वेटर आणायला हवा होता." आणि ती खाली मान घालून पुन्हा कापायला लागली.

ओबदुलिया माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, त्रेसष्टची. डोक्याला रुमाल, वर गवताची टोपी, मनगटापर्यंत बाह्या. तोंडाचा पट्टा अखंड चालू. कुणाची सून कशी, पाद्रीबुवा झोपेत काय बरळतात, सगळं तिच्याकडे. मी तिच्याशेजारीच बसून कापत होते आणि आतल्या आत धुमसत होते. उद्या काय बोलायचं, कागद कुठल्या वकिलाला दाखवायचा, हेच चाललं होतं डोक्यात. एक वाजता मला जाणवलं, की बराच वेळ ती काही बोललेली नाही.

मी वळून बघितलं. तिचा चेहरा लालबुंद आणि कोरडा होता, घामाचा टिपूस नाही. कात्री चालू होती. उघडत होती, मिटत होती. हातात लसूण नव्हता.

"ताई?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि मला आईच्या नावाने हाक मारली. मग ती क्रेटवर कलंडली.

माठातलं सगळं पाणी तिच्यावर ओतलं. रुग्णवाहिकेला चाळीस मिनिटं लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणलं तेव्हा तिच्या अंगाचा ताप बेचाळीसच्या जवळ होता, मूत्रपिंडं थांबायला आली आहेत, आता वाट बघायची. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. ती डोळे उघडेना. टोळी मात्र कामावर होती, कारण बोलावणं आलं की जावंच लागतं. मीही जात होते. दुपारी दोनला कात्री ठेवायची आणि दवाखान्यात जाऊन बसायचं. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी मी साहेबाला फोन केला आणि तीनही दिवस तो म्हणाला, "तीस." फुलं पाठवलीत म्हणाला. कुंडी होती. निवडुंगाची.

शुक्रवारी पहाटे वारा फिरला. आमच्या बाजूने उठला, डोंगरावर चढला आणि पलीकडे उतरला. तेर्राल म्हणतात त्याला. डोंगर उतरताना तो वारा तापत जातो, समुद्राच्या वाऱ्याला आत येऊ देत नाही, आणि मालागाची भट्टी होते. आमच्याकडे मात्र त्या दिवशी बरं असतं. अकरा वाजता शेतात एकतीस होते, झुळूक होती, आणि माणसं आठवड्यात पहिल्यांदा गुणगुणत होती.

फोन वाजला.

"फुएनसान्ता! काम थांबवा! ताबडतोब!" साहेबाला धाप लागली होती. "एक्केचाळीस झालेत! नरक आहे नरक! अर्धं कार्यालय घरी पाठवलंय मी."

"कुठे एक्केचाळीस?"

"कुठे म्हणजे? इथे!"

"मी शेतात आहे साहेब. इथे एकतीस आहे."

"कागदाप्रमाणे थांबवावं लागेल. नियम तो नियम."

माझं डोकं फिरलं. "सोमवारी ओबदुलिया पडली तेव्हा तुमचा पारा कुठे शेण खायला गेला होता? तिथे तुमच्या बगलेत घाम आला की नियम, आणि इथे माणूस भाजलं तरी छान वारा? बादलीत पाय सोडून बसा आता. आम्हाला काम आहे."

फोन बंद केला. टोळीने टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं. कधी एकदा हे ओबदुलियाला सांगते असं झालं होतं. ती शुद्धीवर नसली तरी तिच्या कानाशी सांगणार होते.

दवाखान्यात गेले तर ती शुद्धीवर होती. ओठ फुटलेले, आवाज खोल गेलेला, दोन्ही हातांना नळ्या. डॉक्टरीणबाई बाहेर म्हणाल्या, जगेल, पण मूत्रपिंडं पुरती सावरणार नाहीत. उन्हात कधीच जाता येणार नाही. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं, साहेबाची धाप, एक्केचाळीस, बादली. नकला करून सांगितलं. ती हसेल म्हणून वाट बघत होते.

ती हसली नाही. म्हणाली, "त्याचं जाऊ दे. तू का नाही ओरडलीस?"

"अगं, कागदात..."

"मला बारापासून दोन-दोन दिसत होतं. म्हटलं, आता फुएनसान्ता हाक देईल. आता देईल. बाबांचा हात तुझ्यासमोर होता ना गं? मी तुझ्या हाकेची वाट बघत होते, त्याच्या नाही."

सोमवारपासून मी त्या माणसाला शिव्या घालत होते आणि त्यातली एकही मागे घेणार नाही. त्याला त्या कागदाच्या मागच्या पानात गुंडाळून शेतात बसवायला हवं. पण तो तासाभरावर होता, डोंगरापलीकडे. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. माझ्या पायाखाली तीच माती होती आणि मी तिला हात लावून बघितला नाही. फोन हातात धरून बसले. माझ्या रागाला आता दोन तोंडं झालीत, आणि माझ्याकडे वळलेलं तोंड जास्त चावतं.

पुढच्या सोमवारी ऊन परत आलं. सव्वाअकराला मी खाली वाकले आणि तळहात मातीवर टेकवला. टोळी कापायची थांबून माझ्याकडे बघत होती. सगळ्यांना कागद ठाऊक होता, उद्याचं बोलावणंही ठाऊक होतं. सहावर हात उचलला गेला.

"सावली!"

मोठ्याने ओरडले. वडील ओरडायचे त्याहून मोठ्याने. क्रेटमध्ये ठेवलेला फोन वाजायला लागला, मी वाजू दिला. अठरा कात्र्या खाली पडल्या. एक आठवडा उशिरा.