गळतीबाबा आणि ढगाची साल

वरच्या मजल्याच्या जिन्यावर इतकी गर्दी झाली होती की दूधवाल्याला वर येता येईना आणि वरच्यांना कामावर जाता येईना. जायचं होतं तरी कोणाला म्हणा! सगळ्यांच्या माना एका नळाकडे वळलेल्या. गच्चीच्या टाकीतून उतरणाऱ्या पाइपाला, जिना धुण्यासाठी बसवलेला हा नळ. तो पाइपाला जिथे जोडलाय, नेमका तिथूनच कित्येक महिने ठिबकत होता. खालची बादली कोणी ओतायची, यावरून समोरासमोरच्या दोन घरांचं बोलणं बंद झालेलं. प्लंबरला बोलवायचं सोडून इमारतीच्या सेक्रेटरीसाहेबांनी बोलावलं कोणाला? गळतीबाबांना!

बाबांनी बोटांत एक पांढरी, पातळ पट्टी झुलवली.

"ना सूत, ना रेशीम, ना कागद! ही आहे ढगाची साल! ढग पिकला की अलगद सोलायचा. कच्चा सोलायला गेलात तर हाताला वीज चावते!"

"अगं बाई!" तळमजल्यावरच्या मावशींनी स्वतःचा हात चटकन पदराखाली घेतला.

बाबांनी ती साल जोडावर बाहेरून गुंडाळली, घंटा वाजवली आणि ओरडले, "थांब!" एक थेंब पडला. दुसरा लोंबकळला, पडू की नको करत राहिला आणि तसाच राहिला. झालं! टाळ्या काय, शिट्ट्या काय, जयजयकार काय!

"गळती म्हणून जी जी आहे, ती ती ही साल थांबवते," बाबांनी जाहीर केलं. "नळाची, नाकाची, केसांची, अंगातल्या ताकदीची!"

मग पट्टीच्या तुकड्यांवर झुंबड उडाली. गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या वर्कशॉपच्या बाईंनी कपाळावर हात मारला. बाई तंत्रशाळेत मुलांना पान्हा धरायला शिकवायच्या. त्या पट्टीला काय म्हणतात, हे त्यांच्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही ठाऊक होतं. नळजोडणीची टेप! एरवी बाई हसून सोडून देत्या. त्यांच्या नवऱ्याने केस गळतात म्हणून डोक्याला टेप गुंडाळली, तेव्हा त्या हसल्याही. पण दोन-तीन दिवसांनी सासूबाईंनी मनगट पुढे केलं, तेव्हा हसू पळालं.

"अंगातली साखर गळते, ती ही अडवणार. गोळ्या कालपासून बंद!"

"आई, डॉक्टरांना तरी विचारायचं!"

"त्यांना काय विचारायचं? त्यांचं गिऱ्हाईक तुटतंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पलंगावरून उठल्या आणि भिंत धरून उभ्या राहिल्या. घसा सारखा कोरडा, डोळ्यांपुढे अंधारी. "साल लागू पडतेय," म्हणाल्या. सासूबाईंचा हट्ट त्यांना चांगला माहीत होता. नुसतं सांगून भागणार नव्हतं, दाखवावंच लागणार होतं.

बाई तडक कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या काकांकडे गेल्या. काकांच्या पाठीमागे खिळ्याला टेपची रिळं लटकत होती आणि काकांच्या दोन्ही मनगटांना ढगाची साल!

"काका, तुमच्याच दुकानातली वस्तू तुम्ही बाबांकडून घेतलीत?"

"छे छे! ही साधी टेप, ती मंत्रलेली."

"फरक काय?"

काकांनी एक रीळ काढलं, मनगटाशी धरलं, डोळे बारीक केले. "फरक..." ते म्हणाले, "श्रद्धेचा आहे." आणि रीळ बाईंच्या हातात देऊन टाकलं.

बाई घरी आल्या. हात धुवायला नळ सोडला तर पाणी नाही. बेसिनमध्ये नाही, न्हाणीघरात नाही. त्यांनी शेजारचं दार वाजवलं.

"तुमच्याकडे पाणी आहे?"

"नाही हो!" शेजारीण आनंदाने म्हणाली. "बाबांचा चमत्कार झाला की सगळ्या इमारतीचं पाणी मौन धरतं. रोज! तुम्ही शाळेत असता, म्हणून कळत नाही. संध्याकाळी मौन सुटतं आणि जिन्यातला नळही परत ठिबकायला लागतो. कोणीतरी मनात शंका घेतं ना, म्हणून. मग सकाळी बाबांना पुन्हा यावं लागतं बिचाऱ्यांना."

बाईंनी मान वर करून गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. गळती थांबली म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि त्याच हातांनी कोरडे नळ पिरगाळायचे, तरी कोणाची ट्यूब पेटू नये? धन्य आहे!

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पुन्हा तीच गर्दी, तीच घंटा, तेच "थांब!" सासूबाई अगदी पुढे, खुर्चीवर. बाबांनी डोळे मिटून पाठ सुरू केला, तशा बाई नाश्त्याचा डबा घेऊन कडेकडेने गच्चीच्या दाराशी गेल्या. तिथे पाटी होती : 'चेलेमहाराज तपात आहेत. वर येऊ नये.'

बाईंनी दारावर टकटक केली आणि हळूच म्हणाल्या, "चेलेमहाराज, नाश्ता!"

तप ताबडतोब मोडलं. दार उघडलं. भरघोस मिशांचा धट्टाकट्टा चेला हातात डबा घेऊन परत टाकीजवळ गेला आणि पाइपाच्या चावीवर उशी ठेवून बसला.

"चावी बंद करून तिच्यावर बसायचं, हे कसलं तप?"

"चावी नाही हो ताई, आसन आहे ते."

"मग उठा जरा. आसनाला तेल द्यायचंय."

घास तोंडात असलेला माणूस वाद घालत नाही. चेला उठला. बाईंनी चावी पुरती फिरवली.

खाली बाबा नळ पुरता उघडून दाखवत म्हणत होते, "आता या नळातून प्रलयकाळापर्यंत थेंबही..." आणि फुर्रकन धार आली ती थेट त्यांच्या दाढीवर!

"थांब!" बाबा गरजले. नळ ऐकेना. "थांब! अरे थांब म्हणतो ना!" त्यांनी घंटेवर घंटा वाजवली. वर चेल्याचं तोंड भरलेलं आणि चावीपाशी बाई उभ्या. ढगाची साल सुटली आणि बाबांच्या नाकावर जाऊन चिकटली. आधी मावशी फिसकन हसल्या, मग अख्खा जिना.

बाई कठड्यावरून वाकल्या. "मंडळी, वर या! गळती कुठून थांबत होती ते बघा. नळावरून नाही, इथून!" माणसं वर धावली. बाईंनी चावी बंद केली, खाली थेंब थांबला. उघडली, धार. बंद, उघडी, बंद. सेक्रेटरीसाहेबांनी तर स्वतःच्या हाताने फिरवून पाहिली आणि मान खाली घातली.

मग चावी बंद ठेवून बाई खाली आल्या आणि त्यांनी पान्ह्याने नळ सोडवला. "हे आटे. यांच्यातल्या बारीक फटींतून पाणी वाट काढतं. टेप गुंडाळायची ती या आट्यांवर, नळ ज्या बाजूला फिरवून आवळायचा त्याच बाजूने, ताणून. म्हणजे आवळताना ती फटींत दाबून बसते. बाहेरून गुंडाळली तर नुसती भिजते." त्यांनी काकांचं रीळ काढलं, टेप गुंडाळली, नळ आवळला आणि चावी सोडायला लावली. जोड कोरडाठाक राहिला. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" त्या गडबडीत बाबा आणि चेला कधी सटकले, कळलंच नाही. डबा मात्र घेऊन गेले.

सासूबाई उठल्या नव्हत्या. मनगटावरच्या पट्टीकडे बघत होत्या.

"म्हणजे ही नुसती भिजतेय?"

"हो आई. आणि तुम्ही कालपासून चक्कर येऊन भिंती धरताय. मला भीती वाटते हो." बाईंनी त्यांचं मनगट हातात घेतलं. "नळ मी उघडून बघू शकते. तुमचं डॉक्टरांनीच बघायला हवं."

सासूबाईंनी पट्टी सोडून बादलीत टाकली. "पाणी आण. गोळी घेते. मग रिक्षा बोलव, डॉक्टरांकडे जाऊ." थोडं थांबून त्या पुटपुटल्या, "ढगाला साल असते म्हणाला, तेव्हाच मला खटकलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळे माना डोलवत होते गं. वाटलं, आपल्यालाच कळत नसेल."

जिन्यावरच्या माना एकमेकींकडे वळल्या. कारण खटकलं होतं प्रत्येकालाच आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या मानेकडे बघून आपली डोलवत होता. तेव्हा मंडळी, एवढंच करा. खटकलं की विचारा, तिथल्या तिथे, मोठ्याने. हसतील ते हसू देत. आणि काही थांबलं म्हणून टाळ्या पडल्या, तर टाळी वाजवण्याआधी घरी जाऊन आपला नळ सोडून बघा.