संध्याकाळी सहाचा धागा

परदेशीपुऱ्यातल्या बंद मिलच्या फाटकाशी त्या संध्याकाळी दोनशेच्या आसपास माणसं होती. त्यांत तेरा तापकरी, काळ्या धाग्यांचं एक ताट, एक महाराज आणि एक थर्मामीटर. थर्मामीटर मंजिरीच्या पर्समध्ये होता. नुकतीच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली मंजिरी धाकट्या बहिणीला, उर्वीला शोधत आली होती. उर्वी तापानं फणफणत वडिलांच्या खांद्याला टेकून उभी होती.

"ताप को गाठ मार दी, भिया!" महाराज गरजले. "अब किसकी हिंमत जो खोले! पण गोळी खाल्ली तर धागा रुसेल हां!"

धागा मोठा मानी होता. बांधला की अर्ध्या तासात घाम फुटायचा, ताप उतरायचा, टाळ्या पडायच्या.

तेवढ्यात महाराजांमागच्या पडद्याआडून कुणीतरी नव्या तापकऱ्याला विचारलं, "थंडी किती वाजता भरली? तीनला? मग आठला या."

मंजिरी थबकली. हा आवाज श्रीपादकाकांचा. मिलच्या दवाखान्यातले कंपाउंडर. त्यांनीच शाळकरी मंजिरीला सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशीतला हिवतापाचा जंतू दाखवला होता, खड्याच्या अंगठीसारखा.

महाराजांनी उर्वीला धागा बांधला. मंजिरीनं शेजारी उभ्या तापकरी गोपीनाथला गाठलं. तोही मिलमधलाच, थंडीही उर्वीसारखी दुपारी एकलाच भरलेली. फाटकाशी पडलेल्या बॉबिनवर उरलेलं सूत तोडून तिनं त्याच्या मनगटाला गुंडाळलं. मंत्र नाही, फुंकर नाही. तिनं मोजला तेव्हा दोघांचा ताप एकशे तीनच्या वर होता. साडेसहापर्यंत दोघंही घामानं भिजली. दोघांचाही ताप शंभराखाली.

एक म्हातारी मंजिरीच्या पाया पडली. "देवी आहे गं पोरीत!"

"अहो आजी, उठा! देवी नाही, घड्याळ आहे." मंजिरी गर्दीकडे वळली. "जंतू रक्तपेशीत वाढतात, एक दिवस सोडून ठरल्या वेळी त्या फोडतात. आधी थंडी, मग ताप, पाचेक तासांनी घाम. एकला थंडी भरलेल्यांना सहाला बोलवायचं, घाम येणारच. परवा ताप परतला की म्हणायचं, चोरून गोळी खाल्लीस. आणि वेळा कोण जुळवतं, बघा."

तिनं पडदा ओढला. काका स्टुलावर बसले होते.

"काका, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"दवाखाना गेला, मंजू. कंपाउंडरला कोण विचारतं आता? घर तर चालवायचंय ना."

"म्हणून उर्वीला पण?"

मंजिरीचे वडील वासुदेवराव पुढे आले. मिलमध्ये बारा वर्षं ते आणि काका एका डब्यातून जेवले होते.

"श्रीपाद, पोरगी शिकलेली आहे, पण मी तुझ्या भरवशावर आलोय. तू सांग. धागा काढून गोळी देऊ?"

काकांनी महाराजांकडे पाहिलं. "परवापर्यंत राहू दे, वासुदेव."

"मग परवा दुपारी तीनला इथंच या," मंजिरी म्हणाली. "सगळे या. माझं ऐकू नका, यांचंही ऐकू नका. मोजा आणि मग ठरवा. थर्मामीटर काकाच वाचतील."

गोपीनाथनं त्याच रात्री हिवतापाची गोळी, क्लोरोक्वीन, सुरू केली. घरी मंजिरीनं गोळ्यांची पट्टी तीनदा वडिलांपुढे ठेवली. तिन्ही वेळा त्यांनी ती परत सरकवली. "श्रीपाद बोललाय ना," एवढंच.

ठरल्या दिवशी एकला उर्वीचे दात वाजू लागले. मंजिरीनं तिला दोन रजयांत गुंडाळून रिक्षातून फाटकाशी आणलं. महाराज आले नव्हते. माणसं मात्र परवापेक्षा जास्त होती. तीन वाजता काकांनी दोघांनाही थर्मामीटर झटकून लावला, उजेडाकडे धरून वाचला. मागच्या माणसांना ऐकू येईना, म्हणून वासुदेवरावांनीच काकांना मोठ्यानं सांगायला लावलं.

"गोपीनाथ, गोळी. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

"उर्वी, धागा. एकशे तीन पॉइंट आठ."