सुलाबाईच्या पलंगाची पाठ

मी एक जुनी मखमली पाठ आहे. पलंगाच्या उशाला उभी असते ना, बटणे टाकलेली, गुबगुबीत, ती. शहरातले लोक मला हेडबोर्ड म्हणतात. माझी हकीकत ऐकून तुम्हाला माझी दया येईल, असे समजू नका. मित्रांनो, मला दया नको आहे. मला दोन माणसांचा राग होता, तो मी काढला, आणि तो कसा काढला तेवढेच सांगायचे आहे.

माझा जन्म सांगलीत झाला, हंबीररावांच्या फर्निचरच्या दुकानामागे. वरून मी देखणी होते. डाळिंबी मखमल, पितळी बटणे, दोन्ही बाजूंना झालर. दुकानाच्या काचेत मला उभे केले की रस्त्यावरच्या बायका थांबत. पण आत काय होते ते माझे मला ठाऊक. वर बोटभर फोम आणि त्याखाली लाकडाचा भुसा, काथ्या आणि फाटकी पोती. हंबीररावांनी समोर उभे राहून ते भरून घेतले होते. जन्मतःच त्यांनी मला खोटी केली. हा माझा पहिला राग.

१९९४ च्या लग्नसराईत कुंडलचे आकाराम दुकानात आले. त्यांची गावात पिठाची गिरणी. लेक उत्कर्षा मेढ्याला द्यायची ठरली होती आणि विहीणबाईंनी, म्हणजे सुलाबाईंनी, निरोप धाडला होता की संसारसेटात पलंग मखमली पाठीचाच हवा, आणि तो हंबीररावांच्याच दुकानचा.

माझी किंमत ऐकून आकारामांनी बोटांवर हिशेब केला. नुसत्या पाठीच्या पैशांत दोन साधे पलंग आले असते.

"दादा, पलंग काय कुणीबी देतंय," हंबीरराव म्हणाले. "मांडवात लोक बघत्यात ती पाठ."

"आत काय हाय पर?"

"आवं, समदा फोम! जन्मभर दबणार न्हाई."

आकारामांनी पावती मागितली, तर टॅक्स वाढेल म्हणून ती दिली नाही.

मांडवात माझे कौतुक झाले, खोटे कशाला बोलू. मिक्सर, कपाट, पातेल्यांची उतरंड, सगळ्यांच्या वर मी. बायका येऊन बोटाने दाबून पाहायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. मला वाटले, आता नवरी माझ्यावर डोके टेकून निवांत बसेल.

कसले काय! मेढ्याला गेल्यावर सुलाबाईंनी पलंग बाहेरच्या खोलीत मांडला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. उत्कर्षा आणि तिचा नवरा इंद्रजित आतल्या खोलीत सतरंजीवर झोपू लागले. माझ्यावरचे दुकानातले प्लास्टिकही सुलाबाईंनी काढू दिले नाही. मखमल मळेल म्हणे! आता मेढ्यात पावसाळाभर भिंतींनासुद्धा ओल असते. मी त्या प्लास्टिकमध्ये घुसमटले. ओल आत शिरली ती बाहेर पडेना, भुसा कुजला, मखमलीवर बुरशी आली आणि मला घाण वास येऊ लागला. हा माझा दुसरा राग.

सुलाबाई बाजाराला गेल्या की उत्कर्षा हळूच प्लास्टिक वर करायची आणि खिडकी उघडायची. त्या घरात मला वारा दिला तो तिने. म्हणून पुढचे मला अधिकच झोंबले.

"तुझ्या बानं हंबीररावांचं नाव सांगून कुठनंतरी भंगार उचलून आणलं," सुलाबाई तिला म्हणाल्या. "दुसरी पाठ येत न्हाई तवर कुंडलचं नाव काढायचं न्हाई."

दोन दिवाळ्या उत्कर्षा माहेरी गेली नाही. आकाराम सांगलीला जाऊन हंबीररावांच्या पाया पडायचे बाकी राहिले. पावती कुठाय, एवढेच उत्तर. इंद्रजित आईपुढे तोंड उघडत नव्हता. मी प्लास्टिकआड कुजत होते आणि वाट पाहत होते.

आणि एके दिवशी सकाळी हंबीरराव स्वतःच दारात उभे राहिले! सुलाबाईंचा धाकटा मुलगा पोलिसात लागला होता, त्याला त्यांची मुलगी सांगून आली होती. सुलाबाईंचा आनंद गगनात मावेना. फर्निचरवाले व्याही! त्यांनी माझे प्लास्टिक पहिल्यांदाच ओढून काढले, उत्कर्षाकडून बुरशी पुसून घेतली आणि पाहुण्यांना पलंगावर बसवले.

हंबीररावांनी मला पाहिले मात्र, त्यांचा चेहरा उतरला. ते कडेला सरकून ताठ बसले.

पोहे आले. सुलाबाईंनी मुद्दाम सुनेला थांबवून घेतले. "पाव्हणं, तुमीच सांगा. ही पाठ तुमच्या दुकानची हाय का?"

उत्कर्षा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. एका शब्दाने तिची सुटका झाली असती.

हंबीरराव म्हणाले, "छ्या! आमचा माल असला नसतोय."

"ऐकलंस?" सुलाबाई सुनेकडे वळल्या. मग पाहुण्यांना म्हणाल्या, "आवं, असं आवघडून का बसलाय? टेका की जरा."

"नको नको. आत समदा भुसा हाय, सदरा खराब हुईल."

उत्कर्षाने तांब्या खाली ठेवला.

"मामा," ती शांतपणे म्हणाली, "वरनं तर नुसती मखमल दिसतीया. आत भुसा हाय हे तुमास्नी कसं ठावं?"

हंबीरराव गडबडून उठले आणि उठताना त्यांनी माझ्यावर हात टेकला. मित्रांनो, मी याच हाताची वाट पाहत होते. कुजलेले सगळे टाके मी एकदम सोडून दिले. काळा, ओला भुसा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पोह्यांच्या बशीत आणि सुलाबाईंच्या नव्या लुगड्यावर पडला. त्या वासाने सुलाबाई नाकाला पदर लावून अंगणात पळाल्या. इतका आनंद मला मांडवातही झाला नव्हता.

सदरा झटकत हंबीरराव म्हणाले, "पोरी, चूक झाली. नवी पाठ धाडतो, खऱ्या फोमची. पैसे नकोत."

सुलाबाई लगबगीने आत आल्या. "व्हय, द्या की!"

"मला पाठ नको," उत्कर्षा म्हणाली. "मला आजची कुंडलची गाडी पायजे. आन आमच्या आबाला भंगारवाला म्हनलंय, ते आधी माघारी घ्या, आत्याबाई."

दारात उभ्या इंद्रजितने तिची पिशवी उचलली आणि स्टँडची वाट धरली. सुलाबाईंना पाहुण्यांदेखत शब्द मागे घ्यावा लागला. धाकट्याची सोयरीक अर्थातच मोडली.

मी त्या किमतीची होते का? मुळीच नव्हते. पण फोम आणि भुसा यांतला फरक बोटाने कळत नाही, म्हणून तुम्ही विकत घेताना शिवण उसवून दाखवायला सांगा. दुकानदार दाखवत नसेल तर उठून चालू लागा. आणि घेतल्यावर वस्तू वापरा, तिला वारा द्या.

माझी उघडी फळी आता परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावली आहे. पलंग अजून बाहेरच्या खोलीत आहे, बिनपाठीचा. सुलाबाई दुसरी पाठ घेत नाहीत, कारण आता ती स्वतःच्या पैशांनी घ्यावी लागेल. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "पलंगाची पाठ कुठं गेली वो?" आणि त्यांना दर वेळी नवे काहीतरी सांगावे लागते. मी परसातून सगळे ऐकत असते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. कधी मेढ्याला त्या घरी गेलात, तर चहा घ्या, पलंगावर बसा आणि तेवढे विचारल्याशिवाय उठू नका.