सूर खालून घ्यायचा

देवळीच्या त्या शाळेच्या सभागृहात पेटी नसती, तर हरिदासला आणखी काही काळ काहीच कळलं नसतं.

ते चौघं होते. निवृत्त ग्रंथपाल हरिदास, त्याची बायको कांता, महाविद्यालयात शिकवणारी समीक्षा आणि औषधांचं दुकान चालवणारा योगेंद्र. दर रविवारी वर्ध्याला हरिदासच्या घरी ते रेकॉर्डर वाजवत: उभ्या धरायच्या, शिट्टीसारख्या तोंडाच्या लाकडी बासऱ्या, चार मापांच्या. संगीत युरोपातलं, चार-पाचशे वर्षांपूर्वीचं. त्यात एकट्या कुणालाच गाणं सापडत नाही; चार धागे एकमेकांत गेले तरच वस्त्र दिसतं. कांताकडे सर्वांत मोठा रेकॉर्डर होता, आणि त्याचे खालचे, लांब, धीराचे सूर. मंडळाचा नियम एकच: सूर खालून घ्यायचा. कांता सूर लावी. बाकीचे आपल्या बासरीचा सांधा किंचित ओढून सूर उतरवत वा दाबून चढवत, आणि तिच्याशी मिळवून घेत.

दिवाळीनंतर तो सूर उतरू लागला. थंडीत लाकूड उतरतंच, असं हरिदासनेच सांगितलं. सांधे थोडे ओढले गेले, मग आणखी थोडे. कुणाला काही खटकलं नाही. चार सूर एकमेकांना मिळाले की कान तृप्त होतो; ते सारे मिळून कुठे जाऊन पोचलेत, हे तो विचारत नाही.

आता मार्च होता. शाळेच्या कार्यक्रमाआधीची तालीम चालली होती, वर पत्रे तापले होते.

"काकाजी, हे पेटी पहा," योगेंद्र भाता हलवत म्हणाला. "आपल्याहून वर पळून राह्यली. पोट्ट्यायनं बिघडवली वाटते."

"पेटी शहाणी आहे," समीक्षा म्हणाली. "तूच सूर झोपेत लावतोस."

हरिदासही हसला. मग त्याने आपल्या बासरीचा सांधा पूर्ण आत दाबला आणि एकट्यानेच फुंकर घातली. सूर पेटीला जाऊन भिडला. उन्हामुळे केसभर वरच.

पेटी ठीक होती. लाकूडही ठीक होतं. फुंकर कमी पडली की रेकॉर्डर उतरतो, ही पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट, आणि या तिघांना शिकवणारा तोच होता.

त्याने कांताकडे पाहिलं. ती नुसती बसली होती, तरी प्रत्येक श्वासागणिक तिचे खांदे वर चढत होते, विहिरीतून जड बादली ओढावी तसे.

"तुले दम लागते?"

"लागते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून." तिने बासरी पदराने पुसली. "दर रविवारी वाटे, आज पकडली जाईन. पण तुमी सारे खाली उतरत गेले. मंग मलेही वाटलं, असंच चालून जाईन."

योगेंद्रचा हात पेटीवरून निघाला. "काकू, माह्या दुकानातून खोकल्याचं औषध नेलं, तवा तं म्हणाल्या काकाजीले पाहिजे."

हरिदासला त्या हिवाळ्यात एकदाही खोकला झाला नव्हता.

"ऊठ," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चाल."

"चालते ना. नाई कोठी म्हणलं? पण डॉक्टर पहिले हे हातातून काढतीन." ती एकेका शब्दासाठी थांबत होती. "एक डाव पुरं वाजवू द्या."

"कांता, पाया पडतो तुया."

"पाया काय पडता, सूर मिळवा."

समीक्षाने तोंड फिरवलं. हरिदासने आपल्या हातांना सांधा ओढताना पाहिलं आणि ते हात त्याला एखाद्या मारेकऱ्याचे वाटले.

कुण्या दरबारात संथ पावलं टाकण्यासाठी बांधलेली नाचाची धून सुरू झाली. आज पहिल्यांदाच हरिदास स्वतःचा धागा न ऐकता फक्त खालचा ऐकत होता. प्रत्येक सुराच्या मुळाशी वाळूसारखी घरघर होती. इतके महिने ती तिथेच असणार. शेवटी कांताचा एकच दीर्घ सूर येतो, आणि त्याच्यावर हरिदासची चाल पायऱ्या उतरत घरी येते.

त्या पायऱ्या अर्ध्यावर असताना खालचा सूर गेला. तुटला नाही, नुसता विरला. कांताच्या मांडीवर बासरी आडवी झाली. तिचं तोंड उघडं होतं, डोळे त्याच्यावर खिळले होते. समीक्षा आणि योगेंद्र तिच्याकडे धावले.

हरिदासने थांबायला हवं होतं. पण थांबलं की दवाखाना सुरू होणार होता, आणि दवाखान्यानंतरचं सगळं. तो वाजवत राहिला, पायाखाली काहीही नसताना, एकेक पायरी उतरत.