कोन कुठून मोजायचा

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी एकाच प्रयोगशाळेत, हीच मुळात चूक होती. काम एकच: काचेवर सेंद्रिय रेणूंचा पातळ थर चढवायचा, त्यावर ध्रुवित प्रकाश टाकायचा आणि किती शोषला गेला यावरून रेणू कसे कललेत ते ओळखायचं. ताई थर बनवायची, प्रकाशाचं गणित माझ्याकडे. मी स्वतःला फार शहाणी समजायचे, हे वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी पडताळा म्हणून ताईनेही कोन काढला. तिचा आला एकतीस अंश, माझा एकोणसाठ. भर बैठकीत मी म्हणाले, "ताईला काचा पुसता येतात, मोजता येत नाही." सगळे हसले. ताईने महिन्याभरात नोकरी सोडली आणि माझ्याशी बोलणंही. मीही हट्टाला पेटले. चूक तिची, मग पडतं मी का घ्यायचं?

गेल्या आठवड्यात भावोजींचे दोन फोन आले. रदबदली करत असतील म्हणून मी उचलले नाहीत. तिसरा उचलला, तेव्हा ताई गेली होती.

आज तिचं प्रयोगशाळेतलं कपाट रिकामं करायला घेतलं. आत तिची वही होती. पहिल्याच पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कोन काचेपासून मोजला आहे.' मी मोजते तो काचेवरच्या लंबापासून. एकतीस आणि एकोणसाठ, बेरीज नव्वद. रेणू तेच, त्यांचं कलणंही तेच. दोघींचं उत्तर बरोबर होतं. आठवीतल्या मुलीलाही दिसलं असतं, पण मी वही उघडलीच नव्हती. मी तिथेच खाली बसून रडले.

मग भावोजींना फोन करून सगळं सांगितलं.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले. "घरी बसली त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं. मी म्हटलं, सांगून टाक. तर म्हणे, माझ्याकडून ऐकलं तर ती ओशाळेल. वही तिथेच आहे, आपणहून बघेल आणि येईल."

मी कसंबसं विचारलं, शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का.

"मी दवाखान्यातून तुला फोन लावताना ती बघत होती. विचारलं, धाकटी काय म्हणाली. मी सांगितलं, निघालीय म्हणून."