त्सुनोदा आजींसाठी चार ओळी

सुनमायाने हात दोनदा साबणाने धुतले, हुंगून पाहिले आणि तिसऱ्यांदा धुतले. कोन्याकूच्या, म्हणजे एका जपानी कंदाच्या पिठाच्या, राखाडी, लिबलिबीत वड्या दिवसभर हाताळल्या की चुन्याचा आणि मासळीसारखा वास बोटांत मुरतो. तो त्या पांढऱ्याशुभ्र कार्डाला लागू द्यायचा नव्हता. मग ती कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसली आणि कार्ड मांडीवर डब्याच्या झाकणावर ठेवून तिने पवित्राकडे पाहिलं.

"दीदी, निळं पेन चालेल?"

"चालेल," पवित्रा म्हणाली.

कार्ड अजून कोरं होतं. मधोमध फोटो चिकटवायला गोल जागा सोडलेली, आणि भोवताली प्रत्येकाने दोन-चार ओळी लिहायच्या. जपानातल्या इसेसाकीच्या त्या कारखान्यात कुणी सोडून चाललं की असं कार्ड हातोहात फिरे. जो चाललाय त्याला तेवढं दिसू द्यायचं नाही, हा एकच नियम. सकाळी मुख्य साहेब नेगिशी-सान यांनी कार्ड पवित्राच्या हाती दिलं तेव्हा हा नियम दोनदा बजावला होता. दोन्ही पाळ्या आणि डोंगराकडची पीठगिरणी फिरून यायला तीन आठवडे लागतात, म्हणून त्यांनी घाई केली होती. इतकी घाई, की जिला जायचं होतं तिला अजून कुणी सांगितलंही नव्हतं.

जायचं होतं सुनमायाला.

ती अचानक खोलीत आली आणि "हे कुणाचं?" म्हणून विचारती झाली, तेव्हा पवित्राच्या तोंडी पहिलं नाव आलं ते त्सुनोदा आजींचं. आजी सत्तरीच्या, पॅकिंगच्या पट्ट्यावर सुनमायाच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या, घरी एकट्या. काम सोडताहेत, पवित्रा म्हणाली, पण त्यांच्यापुढे अवाक्षर काढू नकोस, गुपित आहे. सुनमायाला एवढं वाईट वाटलं की ती तडक हात धुवायला गेली.

दोघी चार वर्षांपूर्वी काठमांडूहून एकाच विमानाने आल्या होत्या. सुनमाया तीस वर्षांची. तिची नऊ वर्षांची आश्मा पोखऱ्याला आजीकडे राहत होती. आणखी दोन वर्षं मिळाली, पुढची परीक्षा पास झाली, तर मुलीला इकडे आणता येणार होतं. सुनमायाने जवळची शाळासुद्धा बघून ठेवली होती. आश्माला फोनवर शाळेचं फाटक दाखवून झालं होतं. पवित्रा बेचाळिशीची. तिच्या नवऱ्याने मागे दुसरी बायको करून घर भरलं होतं, आणि त्या घरात पवित्राला पाय ठेवायलाही जागा उरली नव्हती.

यंदा नोकरीची मुदतवाढ दोघींपैकी एकीलाच होती. कुणाला द्यावी हे नेगिशी-सान यांना ठरवता येईना. माणूस मऊ काळजाचा. त्यांनी पवित्राला बोलावून सहज विचारलं, सुनमायाला घरची ओढ आहे का? पवित्राने सांगितलं, फार आहे. मुलीचा फोटो बघून संध्याकाळी रडते. यात एक शब्द खोटा नव्हता. मुलीला इकडे आणायचं ठरलंय, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं पवित्राच मनाशी म्हणत असे, आणि म्हणता म्हणता तिला ते पटतही चाललं होतं. माणूस स्वतःशी किती साळसूद होऊ शकतो!

"खूप राबलात," सुनमाया पुटपुटत लिहू लागली. जपानी अक्षरं ती शाळकरी पोरीसारखी काढी, एकेक सुटं, गोल. "आता घरी जा. घरी मांजर वाट बघत असेल. मांजर कसं लिहू, दीदी?"

"मांजर नको."

"का? रोज त्याच्याच गोष्टी सांगतात की."

"बरं दिसत नाही. कुणीतरी वाट बघतंय, असं लिही."

सुनमायाला ते जास्त आवडलं. तिने तसं लिहिलं. मग पेनाचं टोक ओठांवर आपटत थोडा विचार केला आणि खाली जोडलं: इथलं काम मी सांभाळते, काळजी करू नका. नाव घालायला पेन टेकवणार, तोच पवित्राने कार्ड काढून घेतलं. जागा कमी आहे, नाव मी बारीक अक्षरात घालते, असं सांगितलं. सुनमाया बिचारी हात जोडून कामावर पळाली.

पवित्रा कार्ड घेऊन बसून राहिली. ते फाडून दुसरं आणता आलं असतं, कागदाच्या सामानाचं दुकान स्टेशनपाशी होतं. पण तिलाही काहीतरी लिहावं लागणार होतं. सगळ्यांचं लक्ष असणार, आपल्या देशबहिणीसाठी ही काय लिहिते म्हणून. सकाळपासून डोकं खाजवूनही तिला एक ओळ सुचली नव्हती, आणि इथे तर चार ओळी आयत्या लिहून तयार होत्या, चांगल्या होत्या, आणि जिच्यासाठी हव्या होत्या तिला नेमक्या लागू पडत होत्या. पवित्राने त्यांच्याखाली स्वतःचं नाव लिहिलं.

पुढच्या सोमवारी नेगिशी-सान यांनी सुनमायाला ऑफिसात बोलावलं. दुभाषी अर्थात पवित्रा. साहेब बराच वेळ बोलले, खाली मान घालून, ऑफिसच्या आडवळणाच्या भाषेत. पवित्राने त्याचं एका वाक्यात नेपाळी केलं: कारखान्यात काम कमी झालंय, मुदत वाढणार नाही. सुनमायाने विचारलं, काहीच करता येणार नाही का? पवित्राने साहेबांना सांगितलं, ती आभार मानतेय. साहेबांचे डोळे भरून आले.

त्या रविवारी सुनमायाने आश्माला फोन केला नाही. नंतर केला तेव्हा शाळेचा विषय निघण्याआधीच ठेवला. पण पट्ट्यावर ती त्सुनोदा आजींचे जड क्रेट उचलत राहिली. आपण दोघी एकदमच जाणार, एवढाच तिला आधार होता. आजी चक्रावल्या. "ही पोर अलीकडे मला क्रेटला हातही लावू देत नाही. मी मरायला टेकलेय असं वाटतंय की काय हिला?" त्यांनी पवित्राला विचारलं.

"स्वभावच आहे तिचा," पवित्रा म्हणाली.

निरोपाचा कार्यक्रम शेवटच्या शुक्रवारी, पहिली पाळी सुटल्यावर जेवणाच्या हॉलमध्ये झाला. फुलांचा गुच्छ आला, गोड पाव आले. सुनमाया हॉलमध्ये शिरली ती त्सुनोदा आजींसाठी विणलेला लोकरीचा मफलर हातात घेऊन, आणि कार्डाच्या मधोमध तिला स्वतःचा फोटो दिसला. ती आजींकडे बघू लागली. आजी तिसऱ्या बाकावर बसून पाव खात होत्या. सोमवारी कुणाची पाळी कुठली, याची चौकशी त्यांनी नुकतीच केली होती.

नेगिशी-सान उठले. आज ते मुद्दाम सोपं बोलले, सावकाश, एकेक शब्द तिला कळावा म्हणून.

"पवित्रा-सान मला म्हणाली, सुनमाया-सान संध्याकाळी मुलीचा फोटो बघून रडते. मला लाज वाटली. आईला मुलीपासून दूर ठेवणारा मी कोण? काम खूप आहे, माणसं कमी आहेत, तरी मी म्हटलं, हिला घरी जाऊ दे."

सगळं कळलं. जपानी इतकं सोपं तिला चार वर्षांत कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

मग त्यांनी कार्ड उचललं. सगळं वाचत नाही, म्हणाले, एकच वाचतो, सर्वात सुंदर, हिच्या मोठ्या बहिणीने लिहिलेलं. आणि वाचलं. खूप राबलात. आता घरी जा. कुणीतरी वाट बघतंय. इथलं काम मी सांभाळते, काळजी करू नका. मागच्या बाकावरून हुंदका ऐकू आला. साहेबांनी कार्ड दोन्ही हातांनी सुनमायाला दिलं. तिने त्यातली ती निळी, सुटी, गोल अक्षरं पाहिली, त्याखालचं नाव पाहिलं, आणि मफलर हळूच पाठीमागे धरला.

"आता दोन शब्द बोल," साहेब म्हणाले. "तुझ्या भाषेत, मन मोकळं करून. पवित्रा-सान आम्हाला सांगेल."

पवित्रा पुढे येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. सुनमायाने तिच्याकडे पाहिलं. आवाज तिने चढवला नाही.

"काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, दीदी. आजवर माझं सगळं तुम्हीच बोललात."

पवित्रा सगळ्यांकडे वळली.

"ती म्हणते, चार वर्षं तुम्ही मला घरच्यासारखं सांभाळलंत. मी तुम्हाला खूप त्रास दिला. साहेबांनी आईचं मन ओळखलं, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आता मी आनंदाने घरी जाते."

ती अडखळली नाही. कुठे वाकायचं, कुठे थांबायचं, सगळं बरोबर जमलं.

"दोन वाक्यांत एवढं मावलं?" नेगिशी-सान डोळे पुसत हसले. "नेपाळी भाषा फार मोठ्या मनाची दिसते."

सगळे हसले, मग टाळ्या सुरू झाल्या. सुनमायाने कार्ड काखेत धरलं आणि पवित्राकडे तोंड करून तीही टाळ्या वाजवू लागली. बाकीचे थांबल्यावरसुद्धा ती वाजवत राहिली.